राजद्रोहाचे खटले, लेखाचें तात्पर्य आणि वऱ्हाडांतील कागद

अकोल्यांतील एका जुन्या वकील घराण्यांत पोथ्या पाहण्याकरितां गेलों असतां रुमालांच्या खालीं ‘केसरी’च्या १९०८ सालच्या अंकांचा एक शिवलेला गठ्ठा हातीं आला. तारखा लावून पाहिल्या, तों १२ मे व ९ जून हे दोन अंक त्यांत नव्हते. शिवण शाबूत होती आणि त्या दोन ठिकाणीं कडेला बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरली होती. वाळवी आणि उंदीर यांचा उपद्रव आम्हां संग्राहकांस नवा नाहीं, पण ते कात्री चालवीत नाहींत. घरधन्यांस विचारतां त्यांनीं, आजोबांच्या काळीं झडतीच्या भीतीनें कांहीं कागद चुलींत घातल्याचें ऐकिवांत आहे, एवढेंच सांगितलें.

जाणत्या वाचकांनीं ते अंक कोणते हें ओळखलेंच असेल. पहिल्यांत ‘देशाचें दुर्दैव’ आणि दुसऱ्यांत ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ हे अग्रलेख होते, व त्यांवरूनच टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. राजकीय हत्येनंतर जें लिहिलें जातें त्याचा अर्थ कोणी व कसा ठरविला, हें त्या काळचे कागद वाचणारास नीट कळणें जरूर आहे. नाहीं तर जो कागद उरला तोच खरा, असें धरून आपण फसतों. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच आहे.

प्रथम कायद्याविषयीं थोडें. पिनलकोडांत १२४ अ हें कलम १८७० सालीं घालण्यांत आलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट या दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच मरण पावला, रँड ३ जुलै रोजीं. त्याच्या एकच आठवडा आधीं, १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेकोत्सवाची हकीकत व शिवाजीच्या तोंडीं घातलेली एक कविता छापली होती. टिळकांवर खुनाशीं संबंध असल्याचा आरोप सरकारनें ठेवलाच नाहीं. खटला केवळ त्या मजकुरावर झाला. परंतु एका आठवड्याचें तें अंतर न्यायालयांत प्रत्येकाच्या मनांत होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. न्या. स्ट्रॅची यांनीं ‘अप्रीति’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें थबकावें लागतें. नञ् समासाचे अर्थ वैयाकरणांनीं सहा सांगितले आहेत. अभाव हा त्यांतील एक, विरोध हा दुसरा. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे, धर्माच्या उलट जें तें. ‘असुर’ म्हणजे सुर नसलेला दगडधोंडा नव्हे. सहा अर्थांपैकीं अभावाचा एकच अर्थ घेतला म्हणजे सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक मनुष्य अपराधी ठरतो. टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८९८ सालीं कायदा दुरुस्त होऊन द्वेष, तुच्छता व शत्रुत्वाच्या भावना असे शब्द कलमांत आले, आणि समाजांतील निरनिराळ्या वर्गांत वैर उत्पन्न करण्याबद्दलचें १५३ अ हें कलमही तेव्हांच जन्मास आलें.

या सर्व गडबडींत वऱ्हाडचा संबंध कोठें येतो? त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, २७ पासून २९ तारखेपर्यंत, राष्ट्रीय सभेचें तेरावें अधिवेशन अमरावतीस भरलें. अध्यक्ष शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे. टिळक तुरुंगांत होते, नातूबंधु १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखालीं विनाचौकशी अटकेंत होते, पुणेंकरांवर जादा पोलिसांचा खर्च बसला होता. अशा वेळीं मंडपांत टिळकांचें नांव उच्चारावें कीं नाहीं, हाच मोठा प्रश्न होऊन बसला. सुरेंद्रनाथ बानर्जी यांनीं तें उच्चारलें व टिळकांच्या तुरुंगवासाबद्दल सहानुभूति उघडपणें व्यक्त केली. अधिवेशनाचा छापील वृत्तांत वाचतांना शब्द किती तोलून वापरले आहेत तें पाहण्यासारखें आहे. खुनाचा निषेध, राजनिष्ठेची ग्वाही आणि लेखनस्वातंत्र्याची मागणी या तीन गोष्टी एकाच श्वासांत बोलाव्या लागत, आणि त्यांतील पहिल्या दोन ऐकून तिसरीकडे दुर्लक्ष करणें सरकारास सोयीचें होतें.

संग्राहकांसाठीं येथेंच एक सूचना करून ठेवतों. वऱ्हाड त्या वेळीं कागदोपत्रीं निजामाचा मुलूख, ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे. १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. म्हणून १८९७ सालचे वऱ्हाडविषयक सरकारी कागद हुडकावयाचे तर रेसिडेन्सीच्या दप्तराकडे वळावें लागतें, आणि १९०८ चे नागपूरकडे. एकाच गांवचें, एकाच मनुष्याविषयींचें दप्तर असें दोन वाटांनीं गेलेलें आहे. मुंबईच्या दप्तरांत वऱ्हाड सांपडत नाहीं म्हणून तेथें कांहीं घडलेंच नाहीं, असा निष्कर्ष काढलेला मीं छापील पुस्तकांत वाचला आहे. असो.

आतां १९०८. ३० एप्रिल रोजीं बंगाल्यांत मुझफ्फरपूर येथें खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनीं किंग्जफोर्डच्या गाडीवर म्हणून बाँब टाकला. गाडी दुसऱ्याची निघाली आणि केनेडी आडनांवाच्या दोन स्त्रिया मरण पावल्या. ८ जून रोजीं स्फोटक द्रव्यांचा व वृत्तपत्रांचा असे दोन कायदे एकाच दिवशीं झाले. दुसऱ्या कायद्यानें, खुनास किंवा तशा अत्याचारास चिथावणी देणारा मजकूर छापणारा छापखानाच जप्त करण्याची सोय केली. दुसऱ्याच दिवशींचा ‘केसरी’ म्हणजे तो ९ जूनचा अंक.

टिळकांचा खटला १३ जुलैला सुरू होऊन २२ जुलैला रात्रीं संपला. न्यायाधीश न्या. दावर. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. मराठी ज्याची मातृभाषा असा त्यांत एकही नाहीं. म्हणजे ज्या लेखाबद्दल शिक्षा द्यावयाची तो लेख ज्यूरीपुढें कधीं आलाच नाहीं. आलें तें त्याचें सरकारी भाषांतर. टिळकांनीं स्वतःच्या बचावाचें जें एकवीस तासांवर भाषण केलें, त्याचा पुष्कळसा भाग शब्दांच्या अर्थावर खर्च झाला. ‘जुलमी’, ‘माथेफिरू’ यांसारख्या शब्दांवर सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी झाली. इंग्रजींत राजकारणाची परिभाषा शेंकडों वर्षांत तयार झाली, मराठींत ती आतां कोठें घडत आहे, म्हणून नव्या कल्पनेस जुना शब्द लावावा लागतो आणि भाषांतरकार त्या जुन्या शब्दाचा तिखट अर्थ उचलतो, असें त्यांचें म्हणणें होतें. आज शंभरांवर वर्षांनीं तें म्हणणें वाचतांना कोशकारांस व भाषांतरकारांस त्यांत शिकण्यासारखें बरेंच सांपडेल.

पण टिळकांची बाजू म्हणून तेवढीच खरी, असें मात्र मी म्हणणार नाहीं. आपल्या मीमांसकांनीं ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्याच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत, उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ति, त्या या लेखांस लावून पाहाव्या. ‘देशाचें दुर्दैव’ या लेखाचा उपक्रम घडल्या गोष्टीबद्दल खेदाचा आहे, हें मथळाच सांगतो. ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ याचा उपसंहार, बाँब थांबविण्याचा खरा उपाय म्हणजे लोकांस स्वराज्याचे हक्क देण्यास आरंभ करणें, असा आहे. आरंभ व शेवट धरले तर लेखक राज्यकर्त्यांस सावध करीत आहे, यांत शंका राहत नाहीं. परंतु दुसऱ्या लेखाच्या मध्यभागीं, बाँब हा कारखान्यांत घडणारा माल नसून एक प्रकारची विद्या, एक तोडगा आहे व कायद्यानें ती विद्या अडवितां येणार नाहीं, असें प्रतिपादन आहे. सरकार तो भाग वाचीत होतें, टिळक उपसंहाराकडे बोट दाखवीत होते. दोघांच्याही बोटाखालीं जें होतें तें लेखांत खरोखरच होतें. माझ्या मतें उपसंहार बलवत्तर. परंतु वीस वर्षांचा रागावलेला मुलगा लेख शेवटपर्यंत वाचतोच असें नाहीं, हेंही चाळीस वर्षें वर्गांत काढलेल्या मनुष्यास कबूल केलें पाहिजे. सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले. मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें, गोळीबार झाला, माणसें मेलीं. शब्दांवरील शिक्षेची प्रतिक्रिया अशी पुन्हा रस्त्यावर उतरली.

गंमत अशी कीं, याच खुणांचा ऊहापोह टिळकांनीं पुढें मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्या प्रकरणांत केला आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यांत शिसपेन्सिलीनें लिहिलेल्या त्या वह्या सुटकेच्या वेळीं सरकारनें ठेवून घेतल्या व मागाहून परत केल्या. ज्याच्या लेखाचें तात्पर्य परक्यांनीं ठरविलें, तो तात्पर्य कसें ठरवावें हें लिहितो, आणि तें लिखाणही तपासणीखालून जातें.

‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांची गोष्ट निराळी. त्यांस त्याच जुलैच्या ८ तारखेस एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यांचें सारें सामर्थ्य व्यंजनेंत. अभिधेनें पाहावें तर सरकारची स्तुति, व्यंजनेनें पाहावें तर नेमकें उलट. अलंकारशास्त्राप्रमाणें व्यंग्यार्थ हा सहृदयाच्या ठायीं प्रतीत होतो. न्यायालयांत त्या सहृदयाचें काम सरकारी वकील करीत होता. कांहीं अभ्यासक परांजप्यांच्या लेखांतील व्यंग्य नाकारून त्यांस निर्दोष ठरवूं पाहतात. हा त्यांचा गौरव नव्हे. व्यंग्य होतें, तें समजूनच लोक ‘काळ’ विकत घेत होते.

वऱ्हाड-नागपूरकडेही तोच वारा वाहत होता. नागपूरच्या ‘देशसेवक’चे अच्युतराव कोल्हटकर तुरुंगांत गेले, यवतमाळच्या ‘हरिकिशोर’वर खटला झाला. नाशकास बाबाराव सावरकरांस १९०९ च्या जूनमध्यें कवितांवरून जन्मठेप काळें पाणी झालें आणि त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. जॅक्सन हे संस्कृतज्ञ व लोकवाङ्मयाचे संग्राहक होते, त्यांनीं जमविलेली लोककथा-लोकाचारांची टिपणें पुढें एन्थोव्हेन यांनीं छापलीं, आणि तीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या संग्रहीं असतील. १९१० चा प्रेस ॲक्ट या खुनानंतर दोनच महिन्यांनीं झाला.

दादासाहेब खापर्डे १९०८ च्या ऑगस्टांत टिळकांच्या अपिलाच्या खटपटीसाठीं विलायतेस निघाले व १९१० सालीं परतले. त्यांच्या इंग्रजी दैनंदिन्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. शिर्डीच्या मुक्कामाचा भाग भाविकांनीं पुष्कळ वाचला. राजकारणाचा भाग त्या मानानें थोड्यांनीं. अकोल्याच्या शिवजयंतीच्या सभेंत टिळकांचें भाषण झालें व शेगांवच्या गजानन महाराजांनीं त्यांच्या बंधनाचें भविष्य केलें, ही कथा दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथांत आहे. तो ग्रंथ पुष्कळ वर्षांनंतरचा, म्हणून दिनांकाच्या कामीं त्यावर विसंबूं नये. परंतु टिळकांच्या शिक्षेचा अर्थ वऱ्हाडच्या सामान्य माणसानें कसा लावला, याचा त्याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाहीं. न्यायालयानें अपराध म्हटलें, गांवानें तें विधिलिखित मानलें.

सर्वांत घातक पुरावा मात्र निराळाच आहे. सरकार देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्यास तयार करवीत असे. अकोल्याचा ‘वऱ्हाडसमाचार’, अमरावतीचा ‘प्रमोदसिंधु’ अशा पत्रांचे मूळ अंक आज दुर्मिळ आणि गोषवारे मात्र सुरक्षित. परिणामीं मराठी लेखकाचें मत इंग्रजींतून वाचून त्याचें पुन्हा मराठी करण्याची पाळी संशोधकावर येते. टिळक ज्या भाषांतराविरुद्ध एकवीस तास बोलले, त्याच जातीच्या भाषांतरावर आपण इतिहास रचतों. माझ्या गांवच्या एका ग्रंथालयानें जुन्या पत्रांचे गठ्ठे रद्दींत काढले, तेव्हां मी दोन दिवस उशिरां पोंचलों. त्या गठ्ठ्यांत काय होतें तें आतां त्या इंग्रजी गोषवाऱ्यांसच विचारावयाचें!

हा विषय जुना झाला असें कोणी म्हणेल, तर अमरावती-अकोल्यांत राहणाऱ्यास तसें म्हणतां येत नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्रिपुरांतील घटनांच्या वार्तेवरून अमरावतींत मोर्चा निघाला, दंगल झाली, संचारबंदी लागली व आंतरजाल बंद झालें. २१ जून २०२२ च्या रात्रीं तेथील एका औषधविक्रेत्याचा खून झाला. भ्रमणध्वनीवरून पाठविलेला एक मजकूर हें त्याचें कारण, असा राष्ट्रीय तपास यंत्रणेचा आरोप आहे. १३ मे २०२३ रोजीं अकोल्यांत समाजमाध्यमांवरील मजकुरावरूनच दंगल होऊन एक मनुष्य प्राणास मुकला. पूर्वीं शिक्षा देणारें सरकार एक होतें; आतां वाचणारा प्रत्येकजण स्वतःच भाषांतरकार, ज्यूरी व कधीं कधीं मारेकरीही होऊं पाहतो. कायदाही पुढें सरकला. सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं केदारनाथ सिंह यांच्या खटल्यांत १२४ अ कलम हिंसेस चिथावणी देणाऱ्या मजकुरापुरतें मर्यादित केलें, ११ मे २०२२ रोजीं त्याचा अंमल स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत ‘राजद्रोह’ हा शब्द राहिला नाहीं. मात्र देशाचें सार्वभौमत्व व ऐक्य यांस धोका आणणाऱ्या कृत्यांविषयींच्या १५२ व्या कलमांत इलेक्ट्रॉनिक संदेशाचा नांवानिशीं उल्लेख आला.

या नव्या मजकुरांचें काय राहील? कागद जाळला तरी कडेची पट्टी राहते. पडद्यावरचा मजकूर पुसला कीं राहतें तें पोलिसांच्या आरोपपत्रांतलें अवतरण, म्हणजे पुन्हा तोच एकपक्षी गोषवारा. ज्यांच्या संग्रहीं या तीन वर्षांतील स्थानिक मराठी, उर्दू व हिंदी पत्रांचे अंक असतील त्यांनीं ते रद्दींत देऊं नयेत, एवढी विनंती आहे. शक्य तर अंक सबंध ठेवावा, कात्रण करूं नये. कारण उपक्रम व उपसंहार हे कात्रणांत सांपडत नाहींत.

अकोल्याच्या त्या गठ्ठ्याची मोजमापें मीं घेतलीं आहेत. ९ जूनच्या जागच्या पट्टीवर कांहीं अक्षरांचीं टोकें उरलीं आहेत. दुसऱ्या संग्रहांतील सबंध अंकाशीं तीं ताडून पाहिलीं, तों पुरतीं जुळलीं. मालकांच्या संमतीनें तो गठ्ठा पट्ट्यांसकट, न उसवतां, आहे तसाच बांधून ठेवला आहे.