मोठ्या धबधब्याचा मोठा गैरसमज

जुलैचे दोन-तीन दमदार पाऊस झाले, की धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरात बेत ठरू लागतात. गाडी काढायची आणि सापुतारा गाठायचा. कशाला, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाण्याचा आवाज ऐकला की डोकं शांत होतं. आपल्याकडे कुठे आहे धबधबा?"

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यामागची समजूत, म्हणजे पाणी जेवढं मोठं कोसळेल तेवढं मन निवेल, ही साफ चूक आहे. ती इतक्यांदा कानावर येते की आता तिचा समाचार घ्यायलाच हवा.

आधी खरं ते. २०२१ साली कॅनडातील रेचेल बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी निसर्गातील आवाजांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मन प्रसन्न होण्यात पाण्याचे आवाज सर्वांत पुढे, तर ताण आणि वैताग उतरवण्यात पाखरांचे, असं त्यात दिसलं. झुरिच विद्यापीठाच्या २०१३च्या प्रयोगात साठ तरुणींना ताणाची परीक्षा देण्याआधी तीन गटांत बसवलं होतं. एका गटाला संगीत, दुसऱ्याला झुळझुळत्या पाण्याचा आवाज, तिसऱ्याला नुसती विश्रांती. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सर्वांत कमी आढळलं ते पाणी ऐकणाऱ्या गटात. झुळझुळतं पाणी, कोसळणारं नव्हे!

शंका उरत असेल तर स्कॉटलंडच्या हेरियट-वॉट विद्यापीठातील गालब्रून आणि अली यांचं काम पाहावं. त्यांनी वाहतुकीच्या गोंगाटावर निरनिराळे पाण्याचे आवाज ऐकवून लोकांची पसंती विचारली. ओढ्याचा आवाज पहिला, कारंज्याचा दुसरा आणि धबधब्याचा शेवटचा. ज्यासाठी घाट ओलांडून, वाहनांच्या रांगेत अडकून लोक जातात, तोच शेवटचा.

कारण पाण्यातल्या बुडबुड्यांत सापडतं. पाणी दगडावर आपटतं म्हणून वाजतं, असं बहुतेकांना वाटतं. झुळझुळ येते ती मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून. डच खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२६० वेळा कंप पावतो. त्रिज्या पाचपट झाली की कंपनं पाचपट कमी, आवाज तेवढा खर्जातला. लहान ओढ्यात हे सूर सुटे सुटे कानावर पडतात. मोठ्या धबधब्यात त्यांचा एकच घोष होतो.

आणि लहान पाणी पिंपळनेरकरांना नवं नाही. पांझरा नदी पिंपळनेरजवळच्याच डोंगरांतून निघते. तिच्यावर, तसंच मोसम आणि आरम नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून बंधारे घालून फड पद्धतीने शेती भिजवली गेली. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चारी, चारीतून सारंग, सारंगातून शेत. सगळं उतारावर, मोटेशिवाय. पुढे विहिरी आणि धरणं आली, बरेच फड मोडले, ही दुःखाची गोष्ट आहे. तरी शेतात चारीचं पाणी अजूनही वाजतं.

एखाद्या पहाटे चारीच्या तोंडाशी बसून पाहावं. पाणी वीतभर खाली वाफ्यात पडत असतं. सुरुवातीला आवाज उंच आणि टवटवीत असतो. वाफा भरत येतो तसं पडण्याचं अंतर घटतं आणि आवाज बुजत जातो. अंधारात पाणी भरणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं, की आता बारं फिरवून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायला हवं. शेतात हॉर्न नसतो, गाणी लावलेल्या गाड्या नसतात, म्हणून एवढासा आवाजही कानाला पुरतो. धबधब्याच्या पायथ्याशी सुट्टीच्या दिवशी हे मिळत नाही.

हे बारमाही नाही, हे कबूल. पांझरेचं पात्र उन्हाळ्यात आटतं. तेव्हा ध्वनिमुद्रण चालेल का? चालेल, झुरिचच्या प्रयोगातही मुद्रित आवाजच होता.

उरलेले गैरसमज थोडक्यात. धबधब्याजवळच्या ऋण आयनांनी मन शांत होतं: तुषारांमुळे हवेत ऋणभार येतो हे भौतिकशास्त्रज्ञ लेनार्ड यांनी १८९२ मध्येच दाखवलं होतं, पण चिंता किंवा झोपेवर आयनांचा खात्रीचा परिणाम २०१३च्या मोठ्या आढाव्यात सापडला नाही. हा आवाज सगळ्यांनाच निववतो: ज्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्याला तो रात्री झोपू देणार नाही.

शेवटचा गैरसमज जीवावर बेततो: नदी संथ वाजते, म्हणजे पात्रात बसायला हरकत नाही. वरच्या डोंगरात पाऊस पडला किंवा पांझरेवरचं लाटीपाडा धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं, तर पिंपळनेरात आभाळ कोरडं असतानाही पात्र भरतं, आणि आवाज बदलल्याचं कळेपर्यंत लोंढा जवळ आलेला असतो. ऐकायला बसायचं ते काठावर, उंचवट्याला.