ऊसतोडीच्या तळावरील सांडपाण्याची व्यवस्था

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. कारखान्याच्या आवारात, गावाच्या माळावर किंवा एखाद्या बागायतदाराच्या बांधालगत त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि पुढील चार-पाच महिने तेच त्यांचे घर होते. तळासाठी जागा कोणती, पिण्याचे पाणी कोठून आणावयाचे, यांचा विचार मुकादम व शेतकरी थोडाफार करतात. परंतु आंघोळीचे, धुण्याचे व भांड्यांचे पाणी जाणार कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मग पाणी आपली वाट आपणच शोधते. ती वाट कधी बैलांच्या दावणीपाशी, कधी मुलांच्या खेळण्याच्या जागी, तर कधी थेट विहिरीकडे जाते.

तळ उठल्यावर टोळी आपल्या गावी परत जाते. नासलेली विहीर मात्र गावातच राहते. म्हणून तळावरील सांडपाण्याची काळजी हे केवळ पाहुण्यांवरचे उपकार नव्हेत. ते गावाच्याही हिताचे काम आहे.

पाणी किती व त्याने होते काय?

दहा कोप्यांच्या तळावर सुमारे पन्नास माणसे धरली आणि माणशी वीस लिटर सांडपाणी धरले, तर रोज 1,000 लिटर पाणी जमिनीवर पडते. त्यात साबण, सोडा, तेलकटपणा, राख व खरकटे असते. हे पाणी एका दिवसाहून अधिक साचून राहिले की त्याला दुर्गंधी येते. हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्यूलेक्स जातीचे डास अशाच घाण पाण्यात अंडी घालतात आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडू लागते. सतत चिखलात उभ्या राहणाऱ्या बैलांचे खूर नरम पडून त्यांना जखमा होतात. ज्या बैलांच्या बळावर वाहतूक चालते, ते लंगडले तर टोळीची मजुरीच बुडते.

जागेची निवड

तळाची जागा ठरविताना प्रथम उतार पाहावा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा कूपनलिका उताराच्या वरच्या अंगास आणि सांडपाण्याचा खड्डा खालच्या अंगास असावा. दोहोंमध्ये निदान पन्नास फूट अंतर ठेवावे. जागा असेल तर शंभर फूट अधिक चांगले. जेथे थोडे खणताच पाणी लागते, तेथे शोषखड्डा घेऊ नये.

जमीन पाणी पिते की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. फूटभर खोल खड्डा खणून त्यात पाणी भरावे व ते मुरू द्यावे. पुन्हा भरून, पाणी एक इंच खाली जाण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. तासाभरात एक इंच पाणी मुरले तर तेथे शोषखड्डा चालेल. त्याहून अधिक वेळ लागला तर पुढे सांगितलेला दुसरा उपाय करावा.

मुरमाड जमिनीत शोषखड्डा

तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, मध्ये मुठीएवढे दगड किंवा विटांचे तुकडे व वर बारीक खडी भरावी. वरच्या थरात मधोमध बुडाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात काथ्या किंवा गवत भरावे. मडक्याचे तोंड मोकळे ठेवून बाकीचा खड्डा गोणपाटाने झाकावा व वर माती ओढावी. धुण्याची व भांड्यांची जागा फरशी किंवा सपाट दगड मांडून उंच करावी. तेथून मडक्यापर्यंत उताराची लहान नाली काढावी. काथ्यात खरकटे व राख अडकते आणि गाळलेले पाणी दगडांच्या पोकळीतून जमिनीत मुरते.

अशा खड्ड्यात दगड भरल्यावर एका वेळी सुमारे 300 लिटर पाणी मावते. म्हणून दोन कोप्यांमागे एक खड्डा, हा हिशेब ठेवावा. शौचाचे पाणी व गोठ्यातील मूत्र या खड्ड्यात कदापि सोडू नये. शेण उकिरड्यावर न्यावे.

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघड्यावरील सांडपाणी व त्याबरोबर डासही हटविले, हे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

काळ्या जमिनीत काय करावे?

उसाच्या पट्ट्यात भारी काळी जमीन पुष्कळ आहे. ती ओली झाली की फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही. तेथे खोल खड्डा घेतला तर त्याचे डबके होते. अशा ठिकाणी फूटभर रुंद व पंधरा-वीस फूट लांब असे दोन उथळ चर काढावेत आणि त्यांच्या काठाने केळी, कर्दळ किंवा अळू लावावा. पाणी प्रथम काथ्याच्या मडक्यातून गाळून एक दिवस एका चरात व दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात सोडावे. लागवड पावसाळ्यातच केली तर टोळी येईपर्यंत झाडे मूळ धरतात.

साबणाचे व सोड्याचे पाणी महिनोन् महिने एकाच जागी पडले तर काळी जमीन कठीण होते. तेव्हा दर हंगामास चरांची जागा बदलावी. मुळा, गाजर, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या खावयाच्या भाज्यांना हे पाणी कधीही देऊ नये.

निगा

मडक्यातील काथ्या किंवा गवत दर आठवड्याला बदलावे. पाणी वर तुंबू लागले तर खड्ड्यास आठ-पंधरा दिवस विश्रांती द्यावी व शेजारच्या खड्ड्याचा उपयोग करावा. पिण्याच्या पाण्याची पिंपे झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एक दिवस ती रिकामी करून घासून कोरडी करावीत. कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. हंगाम संपल्यावर दगड काढून, धुऊन उन्हात वाळवावेत. तोच खड्डा पुढील वर्षी पुन्हा कामास येतो.

खड्डा कोणी घ्यावयाचा?

येथेच खरी अडचण आहे. तोडणीस जाणारी नवराबायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणतात, पहाटेच्या अंधारात फडाकडे निघते व दिवेलागणीला परतते. घरी येताच बाईस पाणी, चूल व मुले यांतून उसंत नसते. अशा माणसांना ‘तळ स्वच्छ ठेवा’ असा नुसता उपदेश करणे न्यायाचे नव्हे. टोळी येण्यापूर्वीच खड्डा तयार असला पाहिजे.

खड्डा खणण्याचे काम दोन माणसांच्या एका दिवसाचे आहे आणि दगड-विटांचे तुकडे गावात मिळतात. ग्रामसेवकांनी दसऱ्याच्या आधी तळाच्या जागा पाहून घ्याव्यात आणि जागेचा मालक, कारखान्याचा शेतकी विभाग व मुकादम यांना एकत्र बसवून कोणता खड्डा कोणी घ्यावयाचा हे ठरवून टाकावे. टोळी आल्यावर पहिल्याच दिवशी बायाबापड्यांना खड्डा दाखवून मडक्याची निगा समजावून सांगावी.

शेतकरी बंधूंनो, आपला ऊस ज्यांच्या हातांनी कारखान्यापर्यंत पोहोचतो, त्यांच्या कोपीसमोरची जमीन कोरडी राहावी, एवढी व्यवस्था आपल्या आवाक्यातली आहे. यंदा आपल्या बांधावर पहिली कोपी उभी राहण्याआधी पहिला खड्डा खणा.