पैसे घेताना पिन कशाला?

मुरुडला नारळी-पोफळीच्या वाड्यांतील अनेक कुटुंबे पर्यटकांना खोल्या देतात. माझी मावशीही देते. मुले मुंबईला असल्यामुळे फोन तीच घेते. एके दिवशी फोन आला : "मी लष्करातला अधिकारी. चार खोल्या हव्यात. आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो. क्यूआर कोड पाठवला आहे, तो स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील." मावशीने पिन टाकला. पैसे आले नाहीत. उलट आठ हजार रुपये गेले.

असे का झाले? २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत क्यूआर कोड म्हणजे पैसे घेणाऱ्याचा पत्ता. कधी त्यात रक्कमही भरलेली असते. पिन म्हणजे 'माझ्या खात्यातून द्या' ही आपली संमती. पिन जुळला की बँक रक्कम वळती करते. पैसे मिळण्यासाठी यातले काहीच करावे लागत नाही.

मी मावशीला विचारले, "तुझ्या खात्यात दुसऱ्याने पैसे भरले, तर बँक तुझी सही मागते का?"

"छे! सही पैसे काढताना लागते."

"पिन म्हणजे तीच सही."

तिला लगेच पटले. म्हणजे समज कमी नव्हती. लष्कराचे नाव ऐकून विश्वास बसला आणि घाईत विचार करायला उसंत मिळाली नाही. 'डिजिटल अटके'त हेच काम भीती करते. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : फोन ठेवावा आणि घरच्यांशी बोलावे.

मावशी मात्र लाजेने दोन दिवस गप्प राहिली. चोरलेली रक्कम झपाट्याने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते. १९३० या क्रमांकावर तातडीने कळवले, तर ती वाटेत थोपवली जाण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी ही शक्यता फारच कमी उरते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक प्रयोग सांगावा. आजी-आजोबांच्या फोनवरून त्यांनाच एक रुपया पाठवायला सांगा. मग आपण त्यांना एक रुपया पाठवा. पिन केव्हा मागितला, हे त्यांनीच पाहावे. आणि कोणी फसले, तर रागावू नये. रागावल्यास पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.