सामने कसे लागतात?



यंदा आमचा कबड्डीचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. समोर गेल्या वर्षीचा विजेता संघ होता. जुन्या जालन्याकडे परत येताना कुंडलिकेच्या पुलावर सगळे म्हणत होते, "मुद्दामच आपल्याला अवघड संघ दिला." मलाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी खडू घेतला अन् फळ्यावर सगळे मांडून दाखवले. तेच येथे लिहितो.

आमचे सामने बाद पद्धतीचे होते. जो हरला तो घरी. एका सामन्यात एक संघ बाद होतो. संघ ८ होते, म्हणून सामने ७. संघ २, ४, ८, १६ असे असले की जोड्या शेवटपर्यंत नीट लागतात. पण ११ असले तर? पुढचा आकडा १६. १६ वजा ११ बरोबर ५. या ५ संघांना पहिल्या फेरीत न खेळता 'पुढे चाल' मिळते. उरलेले ६ संघ ३ सामने खेळतात. ३ विजेते आणि हे ५ मिळून झाले ८!

आता मानांकन. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर दोन तगडे संघ पहिल्याच दिवशी भिडतील. मग अंतिम सामन्यात काय मजा? म्हणून गेल्या वर्षीचा विजेता भाग्यपत्रिकेत सगळ्यात वर आणि उपविजेता सगळ्यात खाली लिहितात. मधल्या ६ जागांसाठी चिठ्ठ्या. विजेत्याच्या खालची, २ नंबरची चिठ्ठी ६ जणांपैकी कोणाला तरी येणारच. गुरुजी हसून म्हणाले, "ती काढली कोणी?" मी गप्पच बसलो. संघनायक मी. चिठ्ठी मीच काढली होती!

मोठ्या मुलांच्या फुटबॉलमध्येही अशीच शिडी असते. शाळांसाठीची सुब्रतो चषक स्पर्धा १९६० साली सुरू झाली. जिल्ह्यात जिंकणारा संघ विभागात, विभागातला राज्यात आणि राज्यातला देशाच्या स्पर्धेत जातो. आपला जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात येतो.

२०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघ होते. ताकदीप्रमाणे ८-८ संघांची ४ भांडी केली. प्रत्येक भांड्यातून एकेक चिठ्ठी काढून ४ संघांचा एक गट, असे ८ गट झाले. यजमान म्हणून कतारला पहिल्या भांड्यात जागा मिळाली, पण तो गटातले तिन्ही सामने हरला. नुसत्या मानांकनाने कोणी जिंकत नाही.

मात्र गटात प्रत्येकाला ३ सामने तरी मिळतात. आम्ही वर्षभर सराव केला आणि एकाच सामन्यात घरी आलो. आपल्याकडे ८ संघांचे २ गट केले तर गटांचे १२, उपांत्य २ आणि अंतिम १, असे १५ सामने होतील. एक-दोन दिवस जास्त लागतील, पण सगळी मुले पोटभर खेळतील. पालकहो, तुम्हाला काय वाटते? गुरुजींना जरूर सांगा.

– संघनायक, इयत्ता ७ वी