आजी पडल्या, पण त्यांची झोप कशी होती?

घरातली वयस्क बाई पडली की ओली फरशी, चप्पल, चष्मा यांची चौकशी होते. झोपेची होत नाही, कारण ‘म्हातारपणी चार-पाच तास झोप पुरते’ असं आपण धरून चालतो. हा पहिला आणि सर्वांत घट्ट गैरसमज. वयानुसार झोप हलकी होते, मध्येमध्ये तुटते, पहाटे लवकर जाग येते. शरीराची गरज मात्र फारशी घटत नाही. पासष्टीपुढेही ७ ते ८ तासांची झोप हवी, असंच तज्ज्ञ सांगतात.

अमेरिकेत १९८६पासून वयस्क स्त्रियांच्या हाडांच्या ठिसूळपणाचा एक मोठा अभ्यास चालला. त्यातल्या सत्तरीपुढच्या जवळपास ३ हजार जणींच्या मनगटावर हालचाल टिपणारं यंत्र बांधून त्यांची झोप मोजली गेली. २००८मध्ये निष्कर्ष आले. रात्री ५ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढच्या वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा पडण्याची शक्यता ७-८ तास झोपणाऱ्यांच्या सुमारे दीडपट होती. अंथरुणात तासन् तास जागं राहणाऱ्यांनाही धोका जास्त. अशा स्त्रियांची चालही मंद आढळली. अर्थात, झोप बिघडली म्हणूनच चाल मंदावली असं यातून सिद्ध होत नाही. दुखरे गुडघे झोपही मोडतात आणि चालही.

‘मग झोपेची गोळी द्या, प्रश्न मिटला.’ मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या समजाची. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम अशा गोळ्यांनी डोळा लागतो, पण तोल आणि सावधपणा कमी होतो. वयस्क शरीरातून काही गोळ्यांचा अंमल लवकर उतरत नाही. मध्यरात्री लघवीला उठलेली बाई अर्धवट गुंगीत, अंधारात चालते. पटकन उभं राहिल्यामुळे रक्तदाबही घसरतो. खुबा मोडायला एवढं पुरतं. शेजारणीला लागू पडलेली गोळी आणू नये. आणि रोजची गोळी एकदम बंदही करू नये, त्याने झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. सर्दीच्या काही गोळ्याही अशीच गुंगी आणतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

दुपारच्या झोपेने रात्रीची भरपाई होते का? थोडी डुलकी ठीक. पण रोज दुपारी तास-दोन तास झोप लागत असेल, तर रात्री श्वास अडकतो का, घोरणं वाढलंय का, हे तपासून घ्यावं.

डॉक्टरांकडे जाताना आईच्या सगळ्या औषधांची पिशवीच न्या. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी ती संध्याकाळी घेत असेल, तर वेळ बदलता येईल का, एवढं जरूर विचारा. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर मंद दिवा तर आजच लावता येईल.