वृद्ध कोंबडीची विपरीत लक्षणे : परीक्षण, उपचार आणि मर्यादा

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना व औषधी दुकानदारांना हा अनुभव नवा नाही. रुग्णांच्या रांगेत एखादी आजी डालग्यात कोंबडी घेऊन येते आणि "हिलाही काहीतरी पूड द्या" म्हणते. अशा एका प्रसंगी आम्ही पोट फुगलेल्या वयस्क कोंबडीस अजीर्ण समजून हिंग्वाष्टक चूर्ण दिले होते. चौथ्या दिवशी ती दगावली. पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केले, तेव्हा उदरात अंड्याचा पिवळा बलक पसरून दाह झाल्याचे आढळले. मनुष्याचे निदान पक्ष्यावर जसेच्या तसे लादल्याची ती चूक होती. तिच्यातून जे शिकलो, ते येथे मांडत आहोत.

प्रथम वार्धक्य आणि व्याधी यांतील भेद ध्यानी घ्यावा. साधारणतः दोन वर्षांनंतर अंडी देण्याचे प्रमाण उतरणीस लागते. दिवस लहान होऊ लागले की जुनी पिसे झडून नवी येतात; त्या काळात अंडी थांबणे व तुरा फिका पडणे स्वाभाविक आहे. कोंबडीचे प्राकृत तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. म्हणून हाताला ऊन लागली एवढ्यावरून ज्वराचे निदान करू नये. विष्ठेवरील पांढरा थर हे पक्ष्याचे मूत्रच होय; तो अतिसार नव्हे.

आता आपल्या त्रिविध परीक्षेच्या क्रमाने पाहू.

दर्शन : पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात एकटी उभी राहणे हे रोगाचे पहिले चिन्ह. पक्षी आजार शक्य तितका लपवतो. तो उघडपणे दिसू लागतो तेव्हा बराच काळ लोटलेला असतो. शेपूट खाली-वर हलवीत, शरीर उभे ताठ धरून कोंबडी कुंथत असेल, तर अंडे अडकल्याची शंका घ्यावी. तुरा निळसर होणे हे रक्ताभिसरण वा श्वसन बिघडल्याचे लक्षण होय.

स्पर्शन : सकाळी दाणे टाकण्यापूर्वी गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी असावी. ती घट्ट लागल्यास चारा अडकला आहे, पिचपिचीत व आंबूस वासाची असल्यास आत आंबवण झाले आहे असे समजावे. छातीचे हाड सुरीसारखे हातास लागले, तर मांस क्षीण झाले आहे. पखालीसारखे डुचमळणारे पोट जलसंचय, बलकदाह किंवा अर्बुद सुचविते. तळपायावर काळी खपली व सूज असल्यास तो पायाचा विद्रधी होय.

प्रश्न : शेवटचे अंडे कधी दिले? कवच पातळ होते काय? बाजारातून नवा पक्षी आणला काय? घरातील इतर कोंबड्या कशा आहेत? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

एक लक्षण विशेष उल्लेखनीय आहे. क्वचित म्हातारी कोंबडी कोंबड्यासारखी आरवू लागते. तुरा वाढतो, पायांना आऱ्या फुटतात. लोक त्यास अपशकुन मानून तिला मारतात. वस्तुतः कोंबडीचे केवळ डावे बीजकोष कार्यक्षम असते. ते व्याधीने निकामी झाले की उजव्या बाजूचा सुप्त अवयव वाढून पुरुषस्रावांचा प्रभाव दिसू लागतो. हा अपशकुन नसून शरीरधर्म आहे, हे घरधन्यास समजावून सांगणे हीही चिकित्साच होय.

उपचार : रोगी पक्षी तत्काळ वेगळा ठेवावा, ऊब, अंधूक प्रकाश व स्वच्छ पाणी द्यावे. अंडे अडकल्यास कोमट पाण्यात पोटापर्यंत १५ ते २० मिनिटे बसवून गुदभागी तेल लावावे. स्नेहन-स्वेदनाचे तत्त्व येथेही उपयोगी पडते. मात्र पोट दाबून अंडे फोडू नये. काही तासांत मोकळीक न झाल्यास पशुवैद्यकांकडे पाठवावे. अन्नपिशवी घट्ट असल्यास थोडे खाद्यतेल पाजून हलक्या हाताने चोळावे. उलटे धरून ओकवू नये, द्रव श्वासमार्गात जातो. पायांवरील खवले किडीमुळे उचललेले असल्यास कोमट पाण्याने धुऊन तेल लावावे. पोटातील जलसंचयावर मात्र चूर्ण-काढ्यांचा भरवसा धरू नये.

मर्यादा : मानवी मात्रेचे रसकल्प व वत्सनाभयुक्त त्रिभुवनकीर्तीसारखी औषधे कोंबडीस कदापि देऊ नयेत. पक्ष्यासाठी त्यांची मात्रा निश्चित नाही आणि तिची अंडी व मांस कुटुंबाच्या ताटात जाते. तसेच १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. आपण प्राथमिक सल्ल्यापुरतेच थांबावे.

एकाच घरी दोन-तीन पक्षी अकस्मात मेले, मान पिळवटली, हिरवी विष्ठा झाली, तोंड सुजले तर काढा देत बसू नये. राणीखेत, ज्यास खेड्यात मानमोडी म्हणतात, किंवा बर्ड फ्लू यांची शंका धरावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला होता. २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगांची सूचना देणे बंधनकारक आहे. मृत पक्षी उघड्या हाताने हाताळू नये, दवाखान्यात आणू देऊ नये. ग्रामपंचायत व पशुसंवर्धन विभागास त्वरित कळवावे.

चरकसंहितेने कुक्कुटाची गणना विष्किर वर्गात केली, ती आहार म्हणून. त्याच्या रोगांचे ज्ञान मात्र आपल्या पदवीत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आजी डालगे घेऊन येईल, तेव्हा तिच्या हाती पुडी देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. तिच्या लेखी ती कोंबडी मीठमिरचीचा आधार असते.