मुलाचा हट्ट आणि पालकांचा ताण

आमच्या बालमार्गदर्शन विभागाच्या बाकावर बसलेल्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘चूक आमची की मुलाची?’ ज्यांच्या पाठबळावर हा विभाग चालतो त्या देणगीदारांसही याचे उत्तर ठाऊक असावे, या हेतूने हे टिपण अहवालात समाविष्ट करीत आहोत.

संध्याकाळची वेळ. आई कामावरून थकून आलेली. मूल मोबाईलसाठी हट्ट धरते. आई आधी समजावते, मग ओरडते. मूल जमिनीवर लोळण घेते. शेजारी काय म्हणतील या धास्तीने अखेर मोबाईल हाती दिला जातो आणि क्षणात शांतता पसरते. या व्यवहारात दोघांनाही तात्पुरता लाभ झाला. म्हणूनच उद्या मूल अधिक जोराने रडते आणि आई अधिक लवकर नमते, किंवा हात उगारते. अमेरिकेतील ओरेगन येथील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांची घरी निरीक्षणे करून हे चक्र १९८२ साली ग्रंथरूपाने मांडले. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत हे चक्रवाढ व्याज होय.

अमेरिकेतच ब्रूस बेकर व सहकाऱ्यांनी २३७ मुलांचा वयाच्या तिसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांपैकी ९३ मुलांचा विकास मंदगतीने होत होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पालकांचा ताण मुलांच्या वर्तनसमस्या वाढवितो आणि त्या समस्या पालकांचा ताण वाढवितात. हे आईप्रमाणेच वडिलांच्या बाबतीतही दिसून आले. याच गटाच्या आधीच्या अभ्यासात, मुलाच्या विकासातील विलंबापेक्षा त्याच्या वर्तनसमस्याच पालकांना अधिक थकवितात, असे आढळले होते.

यात दोषी कोणीच नाही. कर्ज, घरातील आजारपण, रात्रपाळी, अपुरी झोप यांनी गांजलेल्या माणसाला मुलाचा खोडकरपणा तेवढा दिसतो, शहाणपणा नजरेतून निसटतो. (आमच्याही घरी वेगळे घडत नसे, हे कबूल करावयास हवे.) त्यामुळे उपचारात पालकांना शिकविण्यावर भर असतो : सूचना थोडक्यात व एकदाच द्यावी, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल घ्यावी, किरकोळ हट्टाकडे दुर्लक्ष करावे आणि आजी-आजोबांसह सर्वांनी एकच नियम पाळावा. सुरुवातीचे काही दिवस हट्ट वाढतो; त्याच सुमारास पुष्कळ पालक येणे थांबवितात.

पूर्वी आम्ही केवळ मुलाच्या नावे केसपेपर काढीत असू आणि आई बाहेर बसून राही. आता तिच्याशीही स्वतंत्रपणे बोलले जाते. तिच्यात नैराश्याची लक्षणे दिसल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले जाते.

या कामाला यंत्रे लागत नाहीत, समुपदेशक लागतात. यंत्रावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते, वेतनावर लावता येत नाही. त्यामुळे या खात्यात दरवर्षी तूट राहते. विश्वस्त मंडळाने ती सर्वसाधारण निधीतून भरून काढली आहे. पालकांची सत्रे मात्र वडिलांना रजा न घेता येता यावे म्हणून रविवारी सकाळीही घ्यावयाची आहेत, आणि त्यासाठी आणखी एक समुपदेशक नेमणे आवश्यक आहे.